वार्निशात हात असताना आलेला फोन

मोटर जळली की आधी वास येतो. रबर जळाल्यासारखा, पण थोडा गोडसर, घशात जाऊन बसणारा. मालवाहू ऑटो गल्लीच्या कोपऱ्यावर वळला की मी दुकानात बसल्या बसल्या म्हणायचो, जळकी येऊन राहिली. माझी शाळा तिसरीत सुटली. गुरुजी म्हणायचे, याच्या डोक्यात काही शिरत नाही. नसेल शिरत. नाकातून आणि कानातून जे शिरलं, त्यावर मी अकोल्यात मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं, त्यावर घर बांधलं आणि पोरीला नर्स केलं. या अंकाच्या संपादकांच्या शेतातली मोटर माझ्याकडेच यायची. ते म्हणाले, धंद्यातलं काही लिहा. लिहितो, पण कोणत्या साली काय झालं ते मला विचारू नका. मला मोटरी आठवतात, सालं आठवत नाहीत.

ज्यांनी मोटरचं पोट पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाहेरून लोखंडाचं कडं असतं. त्याच्या आतल्या अंगाला खाचा. त्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी गच्च बसवलेली असतात. मधात एक गोळा, तो फिरतो आणि पाणी चढतं. लाइन कमीजास्त झाली की तार तापते, जळते. मग जळकी तार छिन्नीनं कापून काढायची, खाचा साफ करायच्या, आतून कागद लावायचा, नवी वेटोळी भरायची, दोऱ्यानं आवळायची, वार्निशात बुडवायची आणि भट्टीत सुकवायची. एवढंच काम. जन्मभर मी हेच केलं.

पण एक गोष्ट मला अजून पचली नाही. तो मधला गोळा तारेला कुठंच चिकटलेला नसतो. मधात पोस्टकार्ड जाईल एवढी फट. तार जागची हलत नाही, आणि गोळा मात्र गरगर फिरतो. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो त्या उस्तादांनी मला पहिल्यांदा झाकण काढून हे दाखवलं तेव्हा मी हात जोडले. उस्ताद म्हणाले, "हाथ मत जोड, गिनती कर." तारेचे वेढे मोजायला बसवलं. नंतर कितीतरी शिकलेल्या लोकांनी मला चुंबकाचं समजावून सांगितलं. समजलंही आणि नाहीही. नवीन भरलेल्या मोटरचं बटण दाबताना आजही माझ्या छातीत धडधडतं. फिरली की वाटतं, हे मी केलेलं नाही, मी फक्त तार भरली.

या धंद्यात फसवणं फार सोपं आहे. वार्निश चढलं की आत तांबं भरलं की ॲल्युमिनियम, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. निघालेलं जळकं तांबं गिऱ्हाइकाचं असतं, पण ते मागायचं त्याला सुचत नाही, आणि पुष्कळ दुकानदार ते ठेवून घेतात. मी ते पिशवीत बांधून मोटरीसोबत द्यायचो. पावती आमच्याकडे नव्हती. मोटरीवर खडूनं गावाचं नाव टाकलं की झालं. दर्यापूरकडचे एक गृहस्थ एसटीत मोटर गोधडीत गुंडाळून आणायचे आणि तिचं तिकीट काढायचे. पहिल्या वेळी ते माझ्यासमोर ठाण मांडून बसले, नजर हलू दिली नाही. दुसऱ्या वेळी मोटर ठेवून सरळ सिनेमाला गेले. ती माझी कमाई. मोटरीच्या पोटात काय आहे ते फक्त माझ्या शब्दावर चालायचं, दुसरं माझ्याजवळ काही नव्हतं.

आणखी एक तेल्हाऱ्याकडचे काका. ते फोन करायचे आणि बोलायचे काहीच नाही. "ऐका," म्हणून फोन सरळ चालू मोटरीला लावायचे. मी इकडे कान देऊन ऐकायचो. बेअरिंग कोरडी पडली असली तर किरकिर येते. एक फेज गेला असला तर मोटर फिरत नाही, नुसती कण्हते. एकदा मी त्यांना सांगितलं, मोटर ठणठणीत आहे, तुमच्या विहिरीतलं पाणी संपलं. ते इतके चिडले की पोळ्यापर्यंत त्यांचा फोन आला नाही. पण पाणी खरंच नव्हतं.

फोन मात्र माझ्या हातात क्वचितच असायचा. वार्निशाच्या हातानं धरला की तो चिकटून बसतो. तसे दोन फोन मी बाद केले. मग फोन वर स्वयंपाकघरात, माझ्या बायकोकडे. तिचं नाव सिंधू. कोणाचाही फोन आला की ती म्हणायची, "हात वार्निशात हाये त्यायचा," आणि मग गाव, मोटर किती हॉर्सपॉवरची, कधी पाहिजे, सगळं विचारून घ्यायची. खडूनं नावं टाकणारी तीच. ती सातवी पास होती आणि हे मला वर्षातून दोनदा तरी ऐकवायची.

तिच्या शेवटच्या आजारपणाच्या आधी आम्ही कर्ज काढलं होतं. वेटोळी भरायचं नवीन यंत्र आणि विजेची भट्टी घ्यायची होती. बँकेचा माणूस दुकानात आला, चहा प्याला, कागदांवर जिथं जिथं फुली होती तिथं तिथं मी सही केली. यंत्र आलं, भट्टी आली. मग सिंधू गेली. त्यावर मी इथं लिहिणार नाही.

पुढच्या वर्षी कर्ज एकदमच फेडून टाकावं म्हणून मी बँकेत गेलो. खिडकीवरच्या पोरानं आकडा सांगितला. माझ्या हिशेबाहून तो बराच मोठा होता. मी म्हटलं, चूक आहे. तो म्हणाला, "काका, यात विमा आहे. कर्जाचा विमा. तुमीच घेतला." मी म्हटलं, मी मोटरीचासुद्धा विमा घेत नाही. त्यानं खांदे उडवले आणि म्हणाला, तक्रार लेखी द्या.

पोरगी संगीता अमरावतीच्या दवाखान्यात नर्स आहे. रविवारी ती आली. मी बोलत गेलो, तिनं लिहिलं. उत्तर इंग्रजीत आलं. तिनं वाचून मराठीत सांगितलं: विम्यासाठी तुमच्या मोबाइलवर फोन करण्यात आला होता, तुमची संमती ध्वनिमुद्रित आहे, म्हणून तक्रार फेटाळण्यात येते.

संगीता म्हणाली, हळूच, मला वाईट वाटू नये अशी.

"बाबा, तुमी कामात असता. कोनाचा फोन आला असन, तुमी हो-हो म्हटलं असन, आन् इसरले असान."

तिचं ऐकून मला बँकेचा नाही एवढा तिचा राग आला. ज्या माणसाच्या शब्दावर लोक मोटरी टाकून सिनेमाला गेले, त्याला त्याच्याच घरात कोणी असं म्हणावं? पण ती तरी काय करणार? बँकेचा कागद एकीकडे आणि बाप एकीकडे.

मी म्हटलं, "मी म्हटलं असन तर मले ऐकू दे. माहा आवाज मले नाही समजन का?"

शाखेत गेलो. मॅनेजर तरुण होता, बोलायला चांगला. त्यानं पडद्यावर पाहून सांगितलं की नोंद स्पष्ट आहे, ग्राहकानं होकार दिला. मी विचारलं, आवाज कोणी ऐकला? तो म्हणाला, ऐकायची गरज नसते, नोंद असते. मी म्हटलं, साहेब, मोटर चालू करून ऐकल्याबिगर मी गिऱ्हाइकाच्या हाती देत नाही. तो हसला आणि म्हणाला, काका, ते रेकॉर्डिंग इथं नसतं, वर असतं.

मग मी जातच राहिलो. पहारेकरी ओळखीचा झाला. बँकेच्या जनरेटरची बेअरिंग गेली आहे हे मी त्याला पहिल्याच फेरीत सांगितलं होतं. त्यानं आत सांगितलं, तेही कोणी ऐकलं नाही. दर वेळी मला तेच उत्तर: तक्रार बंद झाली आहे.

मला वाटायचं, बँकेनं नाही म्हटलं की गोष्ट संपली. संगीतानं दवाखान्यात कोणाला तरी विचारून काढलं की बँकांच्या वर लोकपाल बसवलेला असतो. आधी बँकेकडे लेखी तक्रार द्यायची. तिनं फेटाळली, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, की त्याच्याकडे जायचं. फी नाही, वकील नाही, मराठीत लिहिलं तरी चालते. हे मी मुद्दाम सांगून राहिलो, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या अर्जात मी एवढंच लिहायला लावलं: मी न मागितलेला विमा माझ्या कर्जात घातला. बँक म्हणते मी फोनवर हो म्हटलं. मी म्हटलं नाही. बँकेनं तो आवाज ऐकवावा. आवाज माझा निघाला तर मला खोटा धरा आणि परत माझं ऐकू नका.

संगीता म्हणाली, शेवटचं वाक्य नको. मी म्हटलं, तेच पाहिजे.

लोकपालाच्या कचेरीतून बँकेला पत्र गेलं असावं, कारण मग बँकेतूनच फोन आला की या. संगीता सुट्टी काढून आली. मॅनेजरच्या केबिनमध्ये अमरावतीच्या मोठ्या ऑफिसातून आलेल्या एक मॅडम बसल्या होत्या, समोर लॅपटॉप. बोलण्यावरून आमच्याच भागातल्या. त्या म्हणाल्या, फाईल कालच आली, मीही अजून ऐकलं नाही, सोबतच ऐकू. संगीता माझ्याकडे पाहत नव्हती. मला समजत होतं, तिला धाक होता की आता माझा आवाज येईल.

मॅडमनं बटण दाबलं.

आधी खरखर. मग मागे लांबून एक मोटर चालल्याचा आवाज. मी तो ओळखला. माझ्या दुकानातल्या टेबलावरची मोटर होती ती, बेअरिंग कोरडी, मी तपासत असणार. बँकेच्या यंत्रातून माझंच दुकान ऐकू येत होतं. मग एक पोरगी हिंदीत म्हणाली, सुखदेवजी से बात हो रही है क्या?

आणि सिंधू म्हणाली, "ते खाली हायेत. हात वार्निशात हाये त्यायचा. मी घरची बोलून राहिली."

संगीताच्या तोंडून फक्त "आई" एवढंच निघालं. मॅनेजरनं हात पुढे केला, थांबवू का म्हणून. मी मान हलवली. चालू राहू दे.

ती पोरगी मराठीत आली. म्हणाली, हरकत नाही मॅडम, तुम्हीच सांगा, ग्राहकाचं पूर्ण नाव काय? सिंधू गप्प. पोरीनं परत विचारलं. सिंधू म्हणाली, नाव मी घेत नसते बाई. आमच्या पिढीतल्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे त्या पोरीला कुठून माहीत असणार? ती म्हणाली, नाव बोलल्याशिवाय सिस्टीम पुढं जातच नाही.

मग थोडा वेळ नुसती माझी मोटर ऐकू आली. मग सिंधू म्हणाली, "उखाण्यात घेतलं तं चालन का?"

पोरगी हसली. म्हणाली, चालेल.

आणि माझ्या बायकोनं, स्वयंपाकघरात उभी राहून, कुठल्या तरी शहरात बसलेल्या अनोळखी पोरीसाठी, जागच्या जागी जुळवलं:

"तांब्याच्या तारेले वार्निशाचा वास, सुखदेवरावचं नाव घेते, बाई तुमच्यासाठी खास."

लग्नात तिनं माझं नाव घेतलं असणार, पण बँडच्या आवाजात मला ते ऐकू आलं नव्हतं. त्यानंतर अख्ख्या संसारात तिच्या तोंडून मी माझं नाव ऐकलं नाही. 'अजी' हेच माझं नाव होतं. बँकेच्या केबिनमध्ये, एसीच्या गारव्यात, ती गेल्यावर, ते मला पहिल्यांदा ऐकू आलं. माझे हात टेबलावर होते. ते मला दुसऱ्या कोणाचे वाटायला लागले. उस्तादांनी झाकण काढलं होतं तेव्हा जे वाटलं, तेच वाटलं. मधात काहीच नाही, कुठं काही चिकटलेलं नाही, आणि फिरून राहिलं आहे.

पण ते तिथं संपलं नाही. पोरीनं भराभर वाचायला सुरुवात केली. कर्जाचं संरक्षण, कर्जातच जमा होईल, वेगळं काही भरायचं नाही, फक्त हो म्हणा. सिंधूनं तिला मधातच अडवलं. गिऱ्हाइकांना अडवायची तशी.

"इमा कोनाचा?"

पोरगी म्हणाली, तुमच्या मिस्टरांचा, मॅडम. त्यांचं काही बरंवाईट झालं तर कर्ज बँकेला मागता येत नाही. हो म्हणा फक्त.

"त्यायच्या बऱ्यावाईटाले मी हो कशी म्हनू बाई? मी नाही म्हनत. त्यायलेच इचारा. जेवाले वरते येतेत, दुपारून करजा फोन."

पोरगी म्हणाली, ठीक आहे मॅडम, धन्यवाद. खट्ट. मोटरचा आवाजही बंद.

मॅनेजरनं पडद्याकडे पाहिलं, मग मॅडमकडे. त्याच्या नोंदीत होकार लिहिलेला होता, आणि आम्ही चौघांनी नकार ऐकला होता. मी फोनवर हो म्हटलं नव्हतं. मी फोनवर नव्हतोच. आणि जी होती, तिनं चक्क नाही म्हटलं होतं, कारण तिला माझं मरण तोंडानं कबूल करायचं नव्हतं. बँकेशी मी वर्षभर जे भांडलो, ते तिनं एका हातात उलथनं धरून आधीच भांडून ठेवलं होतं. मला येऊन सांगितलंही नाही. असे फोन दिवसातून किती यायचे, ती कशाला सांगेल?

संगीता बाहेर आल्यावर पायरीवर बसली. म्हणाली, "बाबा, मी तुमाले म्हटलं होतं ना..." मी म्हटलं, ऊठ, रसवंतीवर चल. बँकेसमोर रसवंती आहे. तिची मोटर मीच भरलेली. दोघं रस प्यालो. ती तो उखाणा पुन्हा पुन्हा म्हणत होती, विसरू नये म्हणून. मला म्हणायची गरज नव्हती.

पुढं बँकेचं पत्र आलं. इंग्रजीतच. विम्याची रक्कम आणि त्यावरचं व्याज ग्राहकाच्या वयाचा विचार करून, सदिच्छा म्हणून, परत करण्यात येत आहे. चूक झाली असं कुठंच नव्हतं. खाली माझ्या सहीसाठी जागा होती: माझं समाधान झालं, तक्रार मागे घेतो. या वेळीही तिथं फुली मारून दिली होती.

मी सही केली नाही. पैसे खात्यात येऊन पडले, तरी केली नाही. सदिच्छा मी मागितली नव्हती. मॅनेजरचे फोन यायला लागले. शेवटी त्या अमरावतीच्या मॅडम शाखेत आल्या तेव्हा मला बोलावलं. केबिनमध्ये आम्ही दोघंच होतो. त्यांनी चहा मागवला.

"काका, पैसे तं आले ना. आता भांडन कशाचं हाये?"

"तिनं नाही म्हटलं होतं. तेवढं लिहा."

त्या म्हणाल्या, तसं लिहिलं की बँकेच्या माणसानं खोटी नोंद केली असं होते, वरचे लोक ते लिहिणार नाहीत. लोकपालच सांगेल तर गोष्ट वेगळी, पण त्याला वेळ लागेल. मी म्हटलं, लागू द्या. मग मी विचारलं, तो आवाज मला कशात तरी भरून देता येईल का. त्यांनी मान हलवली. नियमात बसत नाही, म्हणाल्या, द्यायचा असता तर मी त्याच दिवशी दिला असता.

"मंग त्याचं काय करता तुमी?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. मग कप खाली ठेवला.

"तक्रार मिटली की काही दिवसांनी पुसून टाकतेत, काका."

"आन् नाही मिटली तं?"

"तोवर ठेवाच लागते. पुसता येत नाही."

मी तो बिनसहीचा कागद घडी करून खिशात घातला.

"मंग मले काही घाई नाही," मी म्हटलं.